स्टेअरिंग नाचतंय? डॅम्पर बदलायच्या आधी हा भाग ऐका

हा मागच्या भागाचा लेखी मजकूर. गाडीत बसून ऐकायला जमत नाही, किंवा जॅक लावून एका हातात पाना अन् दुसऱ्या हातात फोन धरून वाचायचंय, अशा लोकांनी मागितला म्हणून टाकतोय. बोलताना जे 'अं... म्हणजे...' झालं ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर गोष्ट अशी. मी नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, घर सिंदी रेल्वेला. आमच्या काकाजींकडे एक जुनी मारुती जिप्सी आहे, आर्मी डिस्पोजलमधून फिरत फिरत आलेली. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होती. काकाजी सकाळी सहा बायांना मागे बसवून शेतात निघाले, मी बाजूला. सेलडोहच्या रस्त्यावर गाडी साठच्या आसपास होती. डावं चाक एका खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि स्टेअरिंग काकाजींच्या हातातून अक्षरशः सुटलं. डावी-उजवी, डावी-उजवी, इतक्या जोरात की डॅशबोर्डवरचा चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. समोरून रेतीचा टिप्पर येत होता. काकाजी ओरडले, "अबे बाबू, गाडी नाचून राहिली!" आणि त्यांनी जोरात ब्रेक मारायला पाय नेला.

सुदैवाने पूर्ण दाबला नाही. गाडी हळू होत तीसच्या खाली आली अन् सगळं एकदम शांत. जसं काही झालंच नव्हतं. मागच्या बाया खाली उतरल्या त्या परत बसायलाच तयार नाहीत. उरलेलं अंतर त्या चालत गेल्या, आणि खरं सांगू, बरोबरच केलं त्यांनी.

याला जगभर 'डेथ व्हॉबल' म्हणतात. आपल्याकडे मिस्त्री 'व्हॉबलिंग' म्हणतात किंवा सरळ 'स्टेअरिंग नाचतंय'. पुढे जायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा: चालत्या गाडीत असं झालं तर स्टेअरिंगशी कुस्ती खेळायची नाही. दोन्ही हातांनी धरायचं, पण आवळून नाही, आणि अंगठे आरीच्या आत अडकवायचे नाहीत. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक अगदी हलका, गाडी सरळ ठेवत वेग पडू द्या. वेग उतरला की ते आपोआप मरतं. दचकून ब्रेक लॉक केलात तर पुढची चाकं घसरतील आणि गाडी स्टेअरिंगचं ऐकणारच नाही.

आता माझ्यातल्या इंजिनिअरचा खरा राग सांगतो. ही पहिली वेळ नव्हती. दोन महिने आधी हलकंसं सुरू झालं होतं, तेव्हा एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, "डॅम्पर गेला" म्हणाले, नवीन स्टेअरिंग डॅम्पर टाकला, पैसे घेतले. तीन आठवडे गाडी मस्त. नंतर हे.

स्टेअरिंग डॅम्पर म्हणजे टाय रॉडच्या जवळ आडवा बसवलेला छोटा शॉक ॲब्सॉर्बर. त्याचं काम झटका गिळणं. प्रोग्राममध्ये एरर येतेय म्हणून कोणी ती एरर पकडून गप्प बसवून टाकतं ना, कारण न शोधता, तसंच हे. स्क्रीनवर एरर दिसत नाही, पण बग आत वाढतच असतो. नवा डॅम्पर ढिल्या जोडांची थरथर झाकतो. झाकलेल्या ढिलाईवर तुम्ही आणखी हजार किलोमीटर चालवता, ती अजून झिजते, आणि एक दिवस डॅम्परलाही आवरत नाही. म्हणून या भागाचं सगळं सांगणं एवढंच आहे: डॅम्पर सगळ्यात शेवटी. आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा.

पण हे होतं तरी कशाने? सायकलचं पुढचं चाक काढा, एक्सल दोन्ही हातांत धरा, मित्राला चाक जोरात फिरवायला सांगा आणि मग ते चाक एका बाजूला कलवा. चाक कलण्याऐवजी वळायला बघतं, हातातून पिळवटून निघतं. जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, यांच्यात पुढे एकच सलग एक्सल असतो, दोन्ही चाकं एका दांड्याला. डावं चाक खड्ड्याच्या कडेवर चढलं की सगळा एक्सल कलतो, म्हणजे फिरणारी दोन्ही चाकं कलतात, म्हणजे दोन्ही वळायला बघतात. ती वळली की टायर रस्त्याला घासून परत ढकलतो, एक्सल उलट कलतो, चाकं उलट वळतात. झोका सुरू. रस्त्यावरचा पुढे जाण्याचा वेग या झोक्याला दर फेरीत थोडी थोडी ताकद देत राहतो, म्हणून खड्डा मागे गेला तरी हे थांबत नाही.

हे नवं नाही. फ्रान्समध्ये ब्रुलिए नावाच्या इंजिनिअरने १९२५ सालीच या शिमीवर अभ्यास मांडला होता. ('शिमी' हे त्या काळच्या एका थरथरत्या नाचाचं नाव. काकाजी 'नाचून राहिली' म्हणाले ते किती बरोबर होतं बघा.) अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेलपासून पुढची दोन चाकं वेगवेगळी टांगायला सुरुवात केली, त्यामागे मॉरिस ऑली या इंजिनिअरचं काम होतं, आणि आरामदायी गाडीसोबत या शिमीपासून सुटका हेही कारण होतंच. मग जिप्सीत तोच जुना सलग एक्सल का? कारण तो दणकट, साधा, चिखलात आणि दगडात भरवशाचा. १९८५ मध्ये जिप्सी आली ती सुझुकीच्या एसजे ४१० वरून, पुढे-मागे पाट्यांवर बसलेले सलग एक्सल घेऊन. आणि 'जुन्या गाडीचं दुखणं' म्हणून सोडू नका. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पुढे सलग एक्सलच आहे.

मग सगळ्याच जिप्स्या का नाचत नाहीत? कारण धडधाकट गाडीत जोडांमध्ये ढिलाई नसते आणि थोडं घर्षण असतं. ते झोक्याची ताकद खाऊन टाकतं. ढिलाई वाढली, घर्षण गेलं, की झोका जिंकतो.

आता शोध कसा घेतला ते सांगतो. आमच्या धंद्यात पहिला नियम, बग परत काढून दाखवता आला पाहिजे आणि लॉग पाहिजे. म्हणून मी आधी वहीत लिहिलं: किती वेगाला, कसल्या रस्त्यावर, ब्रेक मारताना की नुसतं चालवताना, थरथर स्टेअरिंगमध्ये की सीटमध्ये, आपोआप थांबते की वेग पाडावा लागतो. यावरून अर्धं निदान होतं. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा झाला असण्याची शक्यता जास्त. गुळगुळीत रस्त्यावर ठरावीक वेगाला येते आणि आणखी पळवली की कमी होते, तर चाकाचं बॅलन्सिंग. खड्ड्याने सुरू होऊन वेग पाडेपर्यंत थांबतच नाही, तर ते खरं व्हॉबलिंग.

आणि इथे फोन कामाला आला. फायफॉक्स नावाचं एक फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं. फोनमध्ये जो हालचाल मोजणारा सेन्सर असतो, त्याचे आकडे ते दाखवतं, आणि थरथर सेकंदाला किती वेळा होतेय तेही काढून देतं. फोन गाडीच्या फ्लोअरवर टेपने घट्ट चिकटवायचा, ॲप बाजूला बसलेल्याने सांभाळायचं, ड्रायव्हरने नाही. त्याआधी चाकाचा घेर मोजा. टायरवर खडूची खूण करा, गाडी ढकलून एक पूर्ण फेरी करा, जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. आमचा घेर २.१ मीटर आला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, भागिले २.१, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ७.९ फेऱ्या घेतं. पन्नासला ६.६.

गुळगुळीत रस्त्यावर फोनने पन्नासला साडेसहाच्या जवळ आणि साठला आठच्या जवळ आकडा दाखवला. म्हणजे चाकाच्या फेऱ्यांसोबत थरथर वाढतेय, चाकातच काहीतरी एका बाजूला जड आहे. पण त्याच फेरीत एका उंचवट्यावर खरं व्हॉबलिंग सुरू झालं (ते मुद्दाम काढायला जाऊ नका, आमचं चुकून झालं). काकाजींनी वेग ५८ वरून ४५ पर्यंत आणला, चाकाच्या फेऱ्या सहावर आल्या असतील, तरी फोनवरचा आकडा सातच्या आसपासच अडकलेला. म्हणजे हा झोका चाकाचा नव्हता, तो एक्सल आणि स्टेअरिंगचा स्वतःचा होता. बग एक नाही, दोन. जड चाक साठच्या जवळ बरोबर त्याच तालात धक्के देत होतं, ज्या तालात ढिला एक्सल झोके घ्यायला तयारच बसला होता.

पहिला बग हसण्यासारखा निघाला. पुढचं डावं चाक काढलं तर रिमच्या आत काळ्या मातीचा सुकलेला थर, तळहाताएवढा, विटेसारखा टणक. आपल्याकडची काळी माती ओली असताना काय चिकटते ते शेतात गेलेल्याला सांगायला नको. सब्बलीने खरवडून काढली. मग चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, हवा सारखी केली. दुकानात जायच्या आधी फुकटची एक चाचणी करता येते: पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोष चाकात. रिम वाकलेला असेल किंवा टायर आतून फुगला असेल तर बॅलन्सिंगवाला वजनं लावत बसेल आणि काही फायदा होणार नाही, म्हणून चाक फिरवून डोळ्याने बघा, वर-खाली किंवा आत-बाहेर पळतंय का.

दुसऱ्या बगसाठी दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, वीतभरही नाही. दुसऱ्याने खाली वाकून एकेका जोडावर बोट ठेवायचं: स्टेअरिंग बॉक्सच्या खालचा आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. चांगल्या जोडात दोन्ही तुकडे एकत्र हलतात. झिजलेल्यात आधी एक हलतो, मग टक्क करून दुसरा. डोळ्याला दिसत नसेल तर फोनचा स्लो मोशन लावा. मी तसंच केलं आणि रात्री व्हिडिओ बघताना ड्रॅग लिंकचा एक एंड स्पष्ट उडताना दिसला. त्याच वेळी स्टेअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बोल्ट केलाय तिथेही बघा. बॉक्स स्वतःच हलत असेल, किंवा तिथल्या पत्र्याला भेग असेल, तर पुढचं सगळं सोडून आधी ते. पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश हेही याच वेळी. सब्बलीने पाटा हलका उचकून बघायचा, रबर खाऊन गेलेलं असेल तर आतला लोखंडी आवाज लगेच कळतो.

मग जॅक. एक्सलखाली घोडी लावल्याशिवाय आणि मागच्या चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक अधांतरी झालं की वर आणि खाली धरून, घड्याळातले बारा आणि सहा, आत-बाहेर हलवा. आमचं चाक खुळखुळलं. आता हा ढिलेपणा व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा? इथे एक झकास युक्ती आहे, जी मला सिंदीच्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवली. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा नकल एकमेकांना बांधले जातात. हलणं बंद झालं तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही हलतंय तर किंगपिन. आमचं हलतच राहिलं. नंतर तीन आणि नऊवर धरून हलवलं, तिथला ढिलेपणा टाय रॉड एंडकडे बोट दाखवतो.

किंगपिन म्हणजे ज्याच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती बिजागरी समजा. प्रत्येक बाजूला वर एक, खाली एक, अशी एकूण चार छोटी टेपर बेअरिंगं. ती नुसती बसवायची नसतात, शिम म्हणजे पातळ चकत्या कमी-जास्त करून थोडी दाबून बसवायची असतात. हा दाबच झोक्याची ताकद खाणारं घर्षण देतो. टाय रॉड सुटा करून नकल हाताने वळवून बघा. जरा जोर लागला पाहिजे. आमचा दाराच्या फळीसारखा सैल फिरत होता, आणि बरोबर मध्यावर, म्हणजे गाडी सरळ चालते त्या जागी, खट्ट करून अडकत होता. उघडल्यावर कळलं. नकलच्या गोळ्यावरचं सील फाटलेलं, आत पाणी आणि काळी माती, ग्रीसचं गंजाचं पाणी झालेलं. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटून आपटून खालच्या कपात खाचा पडलेल्या. वर्षानुवर्षं कोणी ते उघडलंच नव्हतं.

चारही बेअरिंगं कपांसकट बदलली, सीलं नवी. दाब मोजायला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. तो नकलच्या टाय रॉडच्या भोकात अडकवून ओढायचा, नकल हलायला लागताना काटा किती दाखवतो ते बघायचं. सील न बसवता मोजायचं, नाहीतर सीलचं घर्षणही त्यात धरलं जातं. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, माझा नको. कमी आला तर एक शिम काढायची, जास्त आला तर घालायची. हे काम घरी जमण्यासारखं आहे, पण पहिल्यांदा करताना जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवा. ड्रॅग लिंकचा एंड बदलला तेव्हा स्प्लिट पिन नवी घातली. जुनी वाकवून परत घालणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

राहिलं अलाइनमेंट. टो-इन म्हणजे दोन्ही पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत असणं, मिलिमीटरांत मोजायची गोष्ट. ढिले जोड ठेवून अलाइनमेंट करून घेऊ नका, पैसे वाया. आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिन वरच्या बाजूला किती मागे कललेली आहे ते. त्यानेच वळल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. ज्यांनी गाडी उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल टाकलेत, त्यांनी हे लक्षात घ्या: जिप्सीत शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो, तो लांब केला की पाटा पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मग मोठे जड टायर. मग गाडी नाचते. मग म्हणतात कंपनीने गाडीच अशी बनवली. स्टेअरिंगमध्ये अजून खेळ वाटतो म्हणून बॉक्सवरचा स्क्रू पिळत बसणारेही पाहिलेत. जास्त पिळला की स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर परत येत नाही, ते वेगळंच संकट.

सगळं बसवल्यावर आम्ही डॅम्पर काढून ठेवला. नवाच होता, चांगला होता. पण त्याच्याशिवाय गाडी शांत राहिली तरच आपण बग काढला, नाहीतर परत झाकला. रविवारी पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, आधी तीस, मग चाळीस, प्रत्येक वेळी उतरून नट बघत. पन्नास. साठ. त्याच खड्ड्याच्या कडेवरून मुद्दाम डावं चाक नेलं. एक झटका, स्टेअरिंग एकदा हललं, बस. फोनवर साताच्या जागी काहीच उंचवटा नाही. काकाजी काही बोलले नाहीत, फक्त एक हात काढून मिशीवरून फिरवला. घरी येऊन डॅम्पर परत लावला, कारण खड्ड्यांचे झटके खायला तो हवाच असतो.

पुढच्या वेचणीला बाया बसल्या. एकीने मात्र बसायच्या आधी विचारलं, "नाचणार तं नाई ना?" काकाजी म्हणाले, "आता नाई नाचत. भाच्यानं नाई, माह्या पुतण्यानं मोबाइलनं तपासली." मोबाइलने बेअरिंग बदलत नाही हे मी त्यांना अजून समजावून सांगतोय.

तुमच्या गाडीचं काही असेल तर नुसतं 'व्हायब्रेशन येतंय, काय करू' असं पाठवू नका, प्लीज. कोणती गाडी, किती वेगाला, ब्रेक मारताना की नाही, आपोआप थांबतं की नाही, आणि खालून काढलेला दहा सेकंदांचा स्लो मोशन व्हिडिओ, एवढं पाठवा. पुढच्या भागात आमच्याच जिप्सीचा स्टेअरिंग बॉक्स उघडतोय, त्यात अजून दोन बोटं खेळ शिल्लक आहे.